सर्व्हरचा बॅकअप: सुरुवात रिस्टोरपासून करा

बॅकअप कुठल्या सॉफ्टवेअरने घ्यायचा हे विचारणारे भरपूर भेटतात, पण रिस्टोरला, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करायला, किती तास लागतील हे विचारणारं क्वचितच कोणी भेटतं. खरं तर सगळं तिथूनच सुरू व्हायला हवं. डिस्क गेली, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून पैसे मागणारा व्हायरस) घुसलं, कोणी चुकून डेटाबेस उडवला, तर काम किती वेळ थांबलेलं चालेल आणि किती तासांची एंट्री परत मारावी लागली तर चालेल, ह्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी लिहून काढा. पहिल्याला आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. नावं विसरलात तरी हरकत नाही, आकडे मात्र तोंडपाठ हवेत.

आणि हे आकडे आयटीवाल्याने एकट्याने ठरवायचे नाहीत. जे लोक रोज त्या सिस्टीमवर काम करतात त्यांना विचारा. "डेटा अजिबात जायला नको" हे उत्तर येणारच, तेव्हा तिथे थांबू नका, पुढे विचारा की समजा बॅकअप रात्री २ ला झाला आणि सर्व्हर संध्याकाळी ५ ला गेला, तर दिवसभराच्या ऑर्डरी आणि बिलं परत कुठून आणणार, कागद आहेत का, ईमेल आहेत का, का फोनवर घेतलेल्या ऑर्डरी आहेत ज्यांचा दुसरा कुठे मागमूसच नाही? मग खरी उत्तरं येतात. बिलिंगच्या डेटाबेसला १५ मिनिटं, फाइल सर्व्हरला एक दिवस, जुन्या रिपोर्टच्या मशीनला आठवडा, असं प्रत्येकाचं वेगळं निघतं आणि तसंच निघायला हवं. सगळ्यांना एकच नियम लावला तर कामाच्या गोष्टीला कमी पडतो आणि बिनकामाच्या गोष्टीवर जागा वाया जाते.

आता साधं गणित करा. समजा ४ टीबी डेटा आहे आणि तो क्लाउडमध्ये आहे. तुमची लाइन १०० एमबीपीएसची असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी येणार, म्हणजे ४ टीबी उतरवायला ८९ तास, जवळजवळ पावणेचार दिवस, आणि तेही लाइन एकदाही न तुटता. तोच डेटा ऑफिसातल्याच एखाद्या बॅकअप बॉक्सवरून एक गिगाबिटच्या नेटवर्कने आणला तर साधारण १० तास. त्यात नवीन सर्व्हर उभा करणं, डेटाबेस इम्पोर्ट होणं, इंडेक्स बनणं हे धरलेलंच नाही. तुमचं उत्तर "४ तासांत सुरू व्हायला हवं" असेल आणि बॅकअप फक्त क्लाउडमध्ये असेल, तर तो बॅकअप कितीही व्यवस्थित असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. हे डिझास्टरच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. एक कॉपी जवळ आणि एक लांब का ठेवायची त्याचं हे मुख्य कारण: जवळची वेगासाठी, लांबची आगीपासून वाचण्यासाठी.

काय बॅकअप नाही

रेड (एकच डेटा एकापेक्षा जास्त डिस्कवर ठेवायची पद्धत) म्हणजे बॅकअप नाही. एक डिस्क गेली तर रेड वाचवतं, फाइल डिलीट केली तर दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते. व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नोंद, त्याच स्टोरेजवर असतो, स्टोरेज गेलं की तोही गेला, अपडेट मारण्याआधी घ्यायला मात्र छान आहे. फाइल सिंक करणारी क्लाउड सर्व्हिस एन्क्रिप्ट झालेली फाइलसुद्धा मनापासून सिंक करते, जुन्या व्हर्जन किती दिवस राहतात ते सेटिंगवर अवलंबून.

रेप्लिकेशनबद्दल (डेटा दुसऱ्या सर्व्हरवर सतत कॉपी होत राहणं) मात्र सविस्तर सांगायला हवं कारण मोठमोठ्या कंपन्या इथेच अडकल्यात. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा मालवेअर पसरला आणि मर्स्क ह्या शिपिंग कंपनीचं जगभरातलं नेटवर्क त्यात आडवं झालं. त्यांचे जवळपास १५० डोमेन कंट्रोलर (कोणाला लॉगिन द्यायचं ते सांभाळणारे सर्व्हर) होते आणि ते एकमेकांशी सिंक व्हायचे, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेतच असा हिशोब होता. सगळे एकदम जातील हे कोणी धरलंच नव्हतं. वाचला तो एकच, घानातला, आणि तोही वीज गेल्यामुळे त्या वेळी नेटवर्कवर नव्हता म्हणून. त्या एका कॉपीच्या आधाराने त्यांनी पुढच्या १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी परत उभे केले. वाचवलं कशाने हे नीट बघा: त्या क्षणी नेटवर्कपासून तुटलेल्या कॉपीने. तुमच्याकडे तशी कॉपी ठरवून असायला हवी, योगायोगाने नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची युजर आणि लॉगिन सांभाळणारी यंत्रणा) वापरत असाल तर निदान एका डोमेन कंट्रोलरचा सिस्टीम स्टेट बॅकअप रोज घ्या, आणि डीएसआरएमचा (डोमेन कंट्रोलर दुरुस्तीसाठी उघडायच्या मोडचा) पासवर्ड काय आहे ते आजच तपासा, कारण तो सर्व्हर बसवताना कोणीतरी टाकलेला असतो आणि नंतर कोणालाच आठवत नाही.

किती कॉपी, कुठे

३-२-१ हा नियम बहुतेकांना माहीत असतो. डेटाच्या ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजवर, १ दुसऱ्या जागी. पीटर क्रॉघ नावाच्या फोटोग्राफरने तो रूढ केला, त्यांना आपले फोटो जपायचे होते, सर्व्हरवाल्यांनी तो उचलला कारण तो खरंच चालतो. आता त्यात अजून दोन आकडे जोडतात: १ कॉपी अशी जी कोणालाच बदलता येणार नाही, आणि रिस्टोर टेस्टमध्ये ० एरर.

"दुसऱ्या जागी" हे शब्द गांभीर्याने घ्या. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच क्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी बिल्डिंग जळाली आणि शेजारचीही काही प्रमाणात. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांचं सगळं गेलं. क्लाउड म्हणजे कुठेतरी ठेवलेलं कोणाचं तरी मशीनच असतं, तेव्हा बॅकअप कुठल्या शहरात आहे, कुठल्या रीजनमध्ये आहे हे प्रोव्हायडरला विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

माझ्या मते जागा वेगळी असून पुरत नाही, अकाउंटही वेगळं हवं. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या क्लाउड कंट्रोल पॅनलमध्ये हल्लेखोर शिरला, सर्व्हर आणि बहुतेक बॅकअप त्याच अकाउंटखाली होते, त्याने ते पुसले आणि कंपनी बंदच करावी लागली. उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर ह्या पेन्शन फंडाचं. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्या बाजूच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे त्यांचं प्रायव्हेट क्लाउडच डिलीट झालं, आणि ते परत उभे राहिले त्यात दुसऱ्या प्रोव्हायडरकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता. तेव्हा बॅकअपचं अकाउंट वेगळं, त्याचा ईमेल वेगळा, टू-फॅक्टर चालू, आणि शक्य असेल तर प्रोव्हायडरही वेगळा.

रॅन्समवेअरवाले पहिल्यांदा काय शोधतात तर बॅकअप. तो आधी उडवला की तुम्ही पैसे द्यायला तयार होणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. म्हणून बॅकअप सर्व्हर डोमेनला (ऑफिसच्या सामायिक लॉगिनला) जोडू नका, त्याचे लोकल युजर आणि वेगळा पासवर्ड ठेवा. दुसरं, सर्व्हरने आपला बॅकअप ढकलण्यापेक्षा बॅकअप मशीनने येऊन तो ओढून नेला तर जास्त बरं, म्हणजे सर्व्हर हॅक झाला तरी त्याच्याकडे बॅकअप पुसायचे हक्कच नसतात. ढकलावाच लागत असेल तर फक्त लिहिता येईल पण पुसता येणार नाही असा ॲक्सेस द्या, बॉर्ग ह्या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये अपेंड-ओन्ली मोड आहे, रेस्टिक ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा रेस्ट सर्व्हरही तसा चालवता येतो, आणि एस३ (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) सारख्या स्टोरेजवर ऑब्जेक्ट लॉक लावता येतो. लॉकचा कॉम्प्लायन्स मोड लावला तर मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही डिलीट करता येत नाही, त्यामुळे मुदत विचार करून टाका. आणि काढता येणारी हार्ड डिस्क किंवा टेप, काम झाल्यावर खरोखर काढून ठेवलेली, आजही उत्तम पर्याय आहे.

जुने बॅकअप किती दिवस ठेवायचे? फक्त शेवटचे ७ दिवस ठेवणं धोक्याचं, कारण घुसलेला माणूस कधी कधी कित्येक आठवडे गप्प बसून असतो आणि टेबलमधला एखादा खराब झालेला डेटाही महिनाअखेरीलाच सापडतो. रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२ इथून सुरुवात करा, मग जागा आणि कायद्याप्रमाणे कमी-जास्त करा.

डेटाबेसची स्क्रिप्ट, जिथे बहुतेक बॅकअप मरतात

चालू डेटाबेसच्या फाइल नुसत्या कॉपी करू नका, अर्ध्या लिहिलेल्या फाइल येतात आणि रिस्टोर केल्यावर डेटाबेस उठत नाही. डंप (डेटाबेसमधून बाहेर काढलेल्या डेटाची फाइल) घ्या किंवा त्या डेटाबेसचं स्वतःचं बॅकअप टूल वापरा. मायएसक्यूएलमध्ये सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावून डंप घेतला की टेबलं लॉक न होता एकाच क्षणाचं चित्र मिळतं, पण हे इनोडीबीच्या टेबलांनाच लागू, मायआयसॅमची जुनी टेबलं असतील तर ती तशी सांभाळली जात नाहीत. पोस्टग्रेसमध्ये पीजी-डंप एका डेटाबेसचा डंप देतो पण त्यात युजर आणि रोल नसतात, ते पीजी-डंपऑलमधून ग्लोबल्स म्हणून वेगळे काढावे लागतात. हे ज्यांनी कधी रिस्टोर केलं नाही त्यांना माहीतच नसतं, मग भर गडबडीत ॲप म्हणतं युजर सापडत नाही.

आता एक अगदी नेहमीचं प्रकरण. स्क्रिप्टमध्ये डंपचं आउटपुट पाइप करून (थेट पुढच्या कमांडला जोडून) जीझिपला, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रामला, दिलेलं असतं. एक दिवस डेटाबेसचा पासवर्ड बदलतो, डंप पहिल्याच ओळीला फेल होतो, पण जीझिप आपलं काम इमानदारीत करतं, रिकाम्या इनपुटची झिप बनवतं आणि यशस्वी झालो म्हणून सांगतं. बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) पाइपचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो, त्यामुळे स्क्रिप्टही म्हणते सगळं ठीक. फोल्डरमध्ये रोज तारखेची फाइल पडते, नाव बरोबर, वेळ बरोबर, साइज फक्त २० बाइट. फोल्डर उघडून नावं बघणाऱ्याला कधीच कळणार नाही. जुने बॅकअप पुसणारी ओळ रोज तिचं काम करत असते, आणि रिटेन्शनची (जुने बॅकअप ठेवायची) मुदत संपली की तुमच्याकडे उरतात फक्त २० बाइटच्या फाइली.

त्यावर उपाय म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल सेट करा (म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली की निकाल फेल येतो), फाइलचा साइज कालच्याशी ताडून बघा आणि निम्म्याहून कमी असेल तर ओरडायला लावा, आणि डंपच्या शेवटच्या काही ओळी तपासा, मायएसक्यूएलचा साधा डंप पूर्ण झाला की शेवटी डंप कम्प्लिटेड अशी ओळ येते, पोस्टग्रेसच्या साध्या डंपमध्येही तशीच कम्प्लीटची ओळ असते. जुने पुसायचं काम नवीन बॅकअप तपासून झाल्यावरच करा, आधी नाही. अजून एक, क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ धरली जाते, त्यामुळे तारखेची कमांड टर्मिनलवर चालते आणि क्रॉनमध्ये तुटते. कमांड स्क्रिप्ट फाइलमध्ये टाका, क्रॉनमध्ये फक्त फाइलचा पाथ द्या.

१५ मिनिटांचा आरपीओ असेल तर रात्रीचा डंप पुरणार नाही. मायएसक्यूएलचे बिनलॉग किंवा पोस्टग्रेसच्या वॉल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) सतत दुसऱ्या मशीनवर जात राहायला हव्यात, मग रात्रीचा बॅकअप उठवून त्यावर दुपारी ३ वाजून १२ मिनिटांपर्यंतचे बदल चढवता येतात, म्हणजे कोणी ३ वाजून १३ मिनिटांनी टेबल उडवलं तरी त्याच्या आधीच्या मिनिटाला परत जाता येतं. पोस्टग्रेसमध्ये वॉल फाइल डंपवर चढत नाहीत, त्यासाठी बेस बॅकअप (डेटाबेसच्या फाइलींचा पूर्ण बॅकअप) लागतो, हे लक्षात ठेवा.

डेटाबेस सोडून काय काय घ्यायचं: फायरवॉल आणि स्विचचं कॉन्फिग, डीएनएसच्या नोंदी, एसएसएलच्या प्रायव्हेट की, क्रॉनच्या नोंदी, ॲपच्या एन्व्हायर्न्मेंट फाइल, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि इन्स्टॉलर, विशेषतः जुन्या व्हर्जनचे, जे आता कुठे डाउनलोडला मिळत नाहीत.

अलर्ट कसा लावायचा

"फेल झालं तर मेल येईल" ह्यावर विसंबू नका. मेल आली नाही ह्याचे दोन अर्थ होतात, सगळं ठीक आहे किंवा मेलच बंद आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब ह्या कोड ठेवायच्या सर्व्हिसमध्ये एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसलं आणि मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप व्हर्जन जुळत नसल्याने फेल होत होता आणि फेल झाल्याच्या मेल मेल सर्व्हर नाकारत होता, कारण त्या डीमार्कच्या (मेल खरी आहे का हे बघणाऱ्या) तपासणीत बसत नव्हत्या. क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरला लावलेलेच नव्हते. शेवटी कोणीतरी टेस्टिंगसाठी ६ तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामाला आला, आणि तो ज्या मशीनवर होता तिथला स्पीड सुमारे ६० एमबीपीएस, म्हणून नुसतं कॉपी व्हायला १८ तासांच्या आसपास गेले. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

म्हणून अलर्ट उलटा लावा. बॅकअप यशस्वी झाला की स्क्रिप्टने बाहेरच्या एका मॉनिटरला निरोप द्यायचा, आणि २६ तासांत निरोप आला नाही की मॉनिटरने बोंब मारायची. मशीन बंद असो, क्रॉन मेलेलं असो, मेल अडकलेली असो, सगळं पकडलं जातं.

सराव

दर महिन्याला एक छोटं रिस्टोर, वर्षातून दोनदा मोठं. छोटं म्हणजे एखादी फाइल किंवा एक डेटाबेस वेगळ्या मशीनवर उठवायचा आणि आत बघायचं, शेवटची ऑर्डर किती तारखेची आहे, टेबलांमधल्या ओळींची संख्या चालू डेटाबेसच्या जवळपास आहे का. मोठं म्हणजे असं समजायचं की मुख्य सर्व्हर नाहीच, आणि रिकाम्या मशीनपासून ॲपमध्ये लॉगिन होईपर्यंत जायचं, घड्याळ लावून. सराव ज्याने सिस्टीम बसवली त्याच्याकडून करून घेऊ नका. दुसऱ्याला बसवा, हातात फक्त लिहिलेल्या स्टेप्स द्या आणि शेजारी बसून तो कुठे अडतो ते टिपा. साधारण अशा नोंदी होतात: १०:०० सुरू. १०:१० रेस्टिकचा पासवर्ड सापडेना, तो ज्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे तोच त्या सर्व्हरवर. १०:५० पासवर्ड मिळाला. ११:०५ डेटा यायला सुरुवात. १:४० डेटा आला, डेटाबेसचं व्हर्जन जुनं, नवं टाकलं. २:३० डेटाबेस उठला, ॲप सुरू होईना, लायसन्स जुन्या मशीनच्या नेटवर्क कार्डला बांधलेलं. अशी प्रत्येक ओळ म्हणजे खऱ्या दिवशी वाचलेले तास आहेत, आणि लगेच त्याच दुपारी स्टेप्समध्ये दुरुस्ती करा, नंतर राहून जातं.

एन्क्रिप्शनच्या पासवर्डबद्दल परत सांगतो, रेस्टिक किंवा बॉर्गच्या रिपॉझिटरीची किल्ली आणि पासवर्ड गेला तर बॅकअप कोणीच उघडू शकत नाही, बनवणारेसुद्धा नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीच्या खराब अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, तेव्हा ती सोडवायला अनेक ठिकाणी बिटलॉकरच्या (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनच्या) रिकव्हरी की लागत होत्या, आणि त्या ज्या सर्व्हरवर तोच बंद असेल तर काम तिथेच अडायचं. स्टेप्स, पासवर्ड, प्रोव्हायडरचे सपोर्ट नंबर, सहकाऱ्यांचे मोबाइल नंबर, सर्व्हर उठवायचा क्रम हे सगळं कागदावर छापून बंद पाकिटात दोन ठिकाणी ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी नेटवर्क आणि डीएनएस, मग लॉगिनचा सर्व्हर, मग डेटाबेस, मग ॲप.

तो दिवस आलाच तर

पहिली १० मिनिटं काहीही रिस्टोर करू नका. काय झालंय ते आधी ठरवा, कारण डिस्क जाणं, चुकून डिलीट होणं आणि हल्ला होणं ह्या तिन्हींचे उपाय वेगळे. चुकून डिलीट झालं असेल तर लगेच ॲप बंद करा म्हणजे नवीन लिखाण थांबेल, बिनलॉग किंवा वॉल फाइल सुरक्षित कॉपी करून घ्या, आणि जुन्या डेटाबेसच्या डोक्यावर रिस्टोर न करता शेजारी नवीन नावाने करा. हल्ला असेल तर मशीन नेटवर्कपासून तोडा पण शक्यतो पॉवर ऑफ करू नका, मेमरीतले पुरावे जातात. बॅकअपची डिस्क त्या नेटवर्कला अजिबात जोडू नका. एन्क्रिप्ट झालेल्या डिस्क फॉरमॅट न करता बाजूला ठेवा. मग हल्लेखोर कधी आणि कुठून घुसला ते शोधा, आणि त्याच्या आधीच्या तारखेचा बॅकअप वेगळ्या स्वच्छ नेटवर्कमध्ये उठवा, नाहीतर तोच मागचा दरवाजा तुम्ही स्वतःच परत बसवाल. सगळे ॲडमिन पासवर्ड बदला, ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर केआरबीटीजीटी (लॉगिनच्या तिकिटांवर ज्याची सही असते त्या) अकाउंटचा पासवर्ड दोनदा, मध्ये काही तास सोडून. एका माणसाने फक्त वेळ आणि काय केलं ते लिहीत बसावं, आणि एकाने फक्त लोकांना उत्तरं द्यावीत, दर तासाला, नवीन काही नसलं तरी. रिस्टोर करणाऱ्याच्या डोक्याशी पाच जण उभे राहून "झालं का" विचारत असतील तर त्याच्या हातून चुका होणारच.

सगळं सुरू झालं की एक काम हमखास राहतं. नवीन सर्व्हरचं नाव किंवा आयपी बदललेला असतो, बॅकअपचा जॉब अजून जुन्यालाच शोधत असतो आणि मॉनिटरचा अलर्ट गोंधळात कोणीतरी बंद केलेला असतो. त्याच रात्री जॉब नवीन मशीनवर लावा, अलर्ट चालू करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फाइल आली का आणि तिचा साइज किती आहे हे बघूनच तिकीट बंद करा.